गॉथिक कॅथेड्रलमधलं दगडी कोरीवकाम कसं रेखाटावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्स, इंग्लंड आणि जर्मनीतली बाराव्या ते पंधराव्या शतकातली कॅथेड्रलं बघायला स्केचबुक घेऊन जाणारे वास्तुकलेचे विद्यार्थी, चित्रकार आणि हौशी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पाथरवटाने दगड ज्या क्रमाने घडवला, त्याच क्रमाने तो कागदावर उतरवायचा.

समोर इतकं कोरलेलं असतं की नजर ठरत नाही. सुरुवात कुठून करायची?

दगडाच्या ठोकळ्यापासून. पान असो, चेहरा असो की श्वापद, ते आधी एका ठरावीक मापाच्या दगडात होतं. गॉथिक काळात बरंचसं कोरीवकाम दगड जागेवर चढवण्याआधी, जमिनीवर होत असे. त्यामुळे प्रत्येक नक्षीला तिच्या दगडाची हद्द असते आणि ती हद्द सांध्यांच्या रूपाने आजही दिसते. पहिली पाच मिनिटं पेन्सिल न टेकवता फक्त सांधे शोधा.

फ्रान्समधल्या शार्त्र किंवा आमियाँच्या कॅथेड्रलच्या दारांवरच्या कमानी बघा. कमानीच्या वळणात देवदूत, राजे आणि संत यांच्या रांगा बसवलेल्या आहेत. साधारणपणे एक आकृती म्हणजे एक दगड, आणि खालच्या आकृतीच्या डोक्यावरचं छोटं छत्र हेच वरच्या आकृतीचं बसायचं पीठ. हे एकदा कळलं की काम सोपं होतं. कमानीचं केंद्र शोधायचं, तिथून सांध्यांच्या रेघा बाहेर काढायच्या, तयार झालेल्या प्रत्येक घरात मध्यरेषा आखायची आणि मगच आकृती बसवायची. नवशिक्यांच्या चित्रात या आकृत्या ताठ उभ्या असतात. खऱ्या दगडात त्या कमानीबरोबर कलत जातात आणि टोकाजवळ तर जवळजवळ आडव्या होतात.

ठोकळा आखून झाला की सर्वांत पुढे आलेले उंचवटे टिंबांनी दाखवा, मग सर्वांत खोल खाचा फिक्या छटेने भरा. मधलं सगळं शेवटी. बारकाव्यापासून सुरुवात केली तर तिसरं पान काढेपर्यंत कागद संपतो आणि दगड अर्धाच झालेला असतो.

पहिल्या सरावासाठी कोणता नमुना घ्यावा?

इंग्लंडमध्ये असाल तर डॉगटूथ. तेराव्या शतकातल्या इंग्लिश कमानींच्या खोबणीत ओळीने बसवलेली ही चार पानांची टोकदार फुलं लिंकनच्या कॅथेड्रलमध्ये भरपूर दिसतात. चौरस काढा, कर्ण जोडा, मध्यबिंदू वर उचललेला आहे असं धरून बुटका पिरॅमिड करा. आता प्रत्येक बाजूच्या मध्यावर आत जाणारी खाच कापा. कर्णांवर जे उरतं तीच चार पानं. ५ सेंमीच्या चौरसात हे दहा वेळा काढलं की ठोकळ्यातून पान कसं निघतं ते हाताला कळतं.

फ्रान्समध्ये असाल तर आमियाँच्या पश्चिम दर्शनी भागाच्या पायथ्याला चार पाकळ्यांच्या चौकटीतली उठावशिल्पं आहेत. डाव्या दारापाशी राशी आणि बारा महिन्यांची कामं कोरलेली आहेत. ती उभ्याने सहज पाहता येतात, चौकट भूमितीची आहे आणि आत माणसं. सुरुवातीला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल.

साहित्य किती न्यावं?

खांद्यावरच्या एका पिशवीत मावेल तेवढंच.

कागद गुळगुळीत किंवा किंचित खरखरीत, १५० ते २०० जीएसएमचा. ए४ वही पुरते. ए३ नेली तर आतल्या अंधारात आणि गर्दीत ती सांभाळणं जड जातं. पेन्सिली एचबी, २बी आणि ४बी, आखणीसाठी ०.५ मिमीची क्लच पेन्सिल. मळता येणारा खोडरबर, कारण त्याचा चुरा जुन्या फरशीवर सांडत नाही. पाण्याने न पसरणारी ०.१, ०.३ आणि ०.५ मिमीची शाईची पेनं. १५ सेंमीची पट्टी, छोटा कंपास, दोन्ही टोकांना सुई असलेला कर्कटक आणि दोऱ्याला बांधलेलं वजन म्हणजेच ओळंबा. दोरा हातभर अंतरावर धरून उभी रेघ तपासली की कलतेपणा लगेच पकडला जातो.

दुर्बीण मात्र विसरू नका. ८ पट पुरे. १० पटीच्या वर हात थरथरला की चित्रही थरथरतं. करड्या रंगाचा कागद आणि पांढरी पेन्सिल ही जोडी आतल्या भागासाठी फार उपयोगी आहे: मधली छटा कागदच देतो, तुम्ही फक्त उजेड आणि खाचा भरायच्या.

टोकदार कमान कधी बसकी होते, कधी भाल्यासारखी. केंद्र कुठे धरायचं?

कमान हाताने वळवू नका. ती दोन वर्तुळांचे तुकडे आहे आणि केंद्रं कुठे आहेत यावर तिचा सगळा स्वभाव ठरतो. कमान जिथून वळायला लागते ती आडवी रेघ आधी आखा. तिच्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे गाळा.

केंद्रं बरोबर गाळ्याच्या टोकांवर आणि त्रिज्या गाळ्याएवढी असेल तर समभुज कमान मिळते. तिची उंची गाळ्याच्या ०.८६६ पट. गाळा १० सेंमी तर उंची ८.६६ सेंमी. केंद्रं टोकांच्या बाहेर गेली की कमान निमुळती आणि उंच होते. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथेड्रलच्या अरुंद खिडक्या तशा आहेत. केंद्रं आत आली की बसकी. गाळ्याचे पाच भाग करून चौथ्या खुणेवर केंद्र ठेवलं, म्हणजे त्रिज्या गाळ्याच्या चार पंचमांश घेतली, तर उंची गाळ्याच्या ०.७४ पट येते.

जागेवर केंद्र कसं ओळखायचं? उंची गाळ्याच्या किती पट आहे ते कर्कटकाने मोजा. ०.८७ च्या आसपास आलं तर समभुज. बरंच जास्त आलं तर केंद्र बाहेर. दहा सेकंदांचं काम आहे, पण ते न केल्याने पुढचा तास वाया जातो.

तेराव्या शतकातल्या व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच रेखाटनकाराच्या चर्मपत्राच्या वहीत एकदाच उघडलेल्या कंपासाने तीन प्रकारच्या कमानी काढायची युक्ती आहे. ही वही आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

दोन खणांच्या खिडकीवरचं वर्तुळ कधीच नीट बसत नाही. का?

कारण ते डोळ्याच्या अंदाजाने मोठ्या कमानीच्या टोकात कोंबलं जातं. खरं वर्तुळ टोकाला चिकटत नाही, कमानीच्या दोन्ही बाजूंना चिकटतं. टोकापाशी एक छोटी तिकोनी फट उरते.

समभुज कमानीसाठी रीत अशी. गाळा १६ सेंमी घ्या. कंपास १६ वर उघडून दोन्ही टोकांवरून मोठी कमान काढा. गाळ्याचा मध्य घ्या आणि ८-८ सेंमीच्या दोन छोट्या समभुज कमानी काढा. आता कंपास १२ सेंमीवर, म्हणजे गाळ्याच्या पाऊण भागावर उघडा. सुई डाव्या टोकावर ठेवून मध्यरेषेला छेद द्या. उजव्या टोकावरूनही तोच बिंदू यायला हवा. आला नाही तर मध्यरेषा चुकली आहे. हा बिंदू वर्तुळाचं केंद्र आणि त्रिज्या गाळ्याचा चौथा भाग, म्हणजे ४ सेंमी. वर्तुळ मोठ्या कमानीला आतून आणि दोन्ही छोट्या कमानींना बाहेरून बरोबर टेकेल.

मोठ्या कमानीच्या टोकाची उंची १३.८६ सेंमी येते आणि वर्तुळाचा माथा १२.९४ वर. मधले ०.९ सेंमी म्हणजे ती फट. पातळ दगडी पट्ट्यांची ही जाळी, म्हणजे बार ट्रेसरी, १२११ मध्ये सुरू झालेल्या रीम्सच्या कॅथेड्रलमध्ये पहिल्यांदा दिसते. तिथल्या खिडक्या दोन खणांच्या आणि वर एका मोठ्या वर्तुळाच्या आहेत, म्हणून ही आखणी शिकायला तीच योग्य जागा.

वर्तुळाच्या आतल्या पाकळ्यांसाठी ही मापं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या १ धरली तर तीन पाकळ्यांसाठी छोट्या वर्तुळाची त्रिज्या ०.४६४, चारसाठी ०.४१४, पाचसाठी ०.३७० आणि सहासाठी ०.३३३. त्यांची केंद्रं किती अंतरावर? १ मधून ती त्रिज्या वजा करा. ४ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात चार पाकळ्या हव्या असतील तर छोटी त्रिज्या १.६६ सेंमी आणि केंद्रं २.३४ सेंमीवर. ही मापं एकमेकांना नुसत्या टेकणाऱ्या वर्तुळांची आहेत. प्रत्यक्षात पाकळ्यांच्या मधली दगडी टोकं, म्हणजे कस्प, काही ठिकाणी बोथट, काही ठिकाणी फुलाच्या कळीत संपणारी असतात. ती बघून बदला.

आखणी बरोबर असूनही ट्रेसरी तारेच्या जाळीसारखी दिसते. दगड का वाटत नाही?

जाडी आखलेली नसते म्हणून. वर काढलेल्या सगळ्या रेघा दगडी पट्टीच्या मध्यरेषा आहेत. प्रत्येक मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर समांतर रेघा काढा. वर्तुळाच्या बाबतीत हे कंपासानेच, केंद्र तेच ठेवून त्रिज्या कमी-जास्त करून करायचं.

त्यानंतर जाडीचे दर्जे ओळखा. मुख्य कमान आणि मधला उभा दांडा जाड, आतल्या पाकळ्या बारीक. बारीक पट्टी जाड पट्टीच्या पोटातून निघते, तिच्यावर चिकटवलेली नसते. जाड दांड्याचा पुढचा भाग कमानीपर्यंत अखंड जातो आणि बारीक पट्टी एक पायरी मागच्या पातळीत असते. ही पायरी एका बारीक सावलीच्या रेघेने दाखवली की जाळीला लगेच खोली येते.

चित्राच्या कोपऱ्यात दांड्याचा आडवा छेद जरूर काढा, दोन-तीन सेंमीचा पुरतो. त्यात पुढची कड, बाजूचे उतार किंवा पोकळ वळणं आणि काच बसायची खाच यावी. छेद काढता येत नसेल तर तो दांडा अजून समजलेला नाही. मध्ययुगातले कारागीरही छेदाचेच फळीतून कापलेले साचे वापरत. इंग्लंडमधल्या यॉर्क आणि वेल्स या शहरांच्या कॅथेड्रलमध्ये तर गिलाव्याची जमीन शिल्लक आहे, जिच्यावर ट्रेसरी पूर्ण मापात कोरून आखली जात असे.

स्तंभशीर्षावरची पानं चिवड्यासारखी एकमेकांत मिसळतात. ती वेगळी कशी दिसतील?

प्रथम पानं विसरा आणि त्यांच्या मागची घंटा शोधा. गॉथिक स्तंभशीर्ष म्हणजे खाली गोल कडं, त्यावर वर फाकत जाणारी उलट्या घंटेसारखी पोकळ वक्र बाजू आणि माथ्यावर जाड फळी. पानं या घंटेवर उगवतात. घंटेची कड दोन पानांच्या फटीतून कुठेतरी डोकावतेच. तिथे ती काढली की मागची जमीन पक्की होते.

मग देठ. प्रत्येक देठ खालच्या कड्यापासून निघतो, घंटेच्या वळणाने वर चढतो आणि फळीच्या कोपऱ्याखाली पुढे झुकतो. देठांच्या रेघा आधी काढा, किती आहेत ते मोजा. कोपऱ्याखालचं पान जवळजवळ नेहमी सर्वांत मोठं असतं, कारण फळीचा कोपरा बाहेर आलेला असतो आणि तिथे कोरायला दगड जास्त असतो. मग प्रत्येक पानाभोवती साधा बंद आकार काढा. पाळ्या आणि शिरा त्यानंतर.

आता सर्वांत महत्त्वाचं: पानं वेगळी दिसतात ती त्यांच्या बाह्यरेषेमुळे नव्हे, त्यांच्या मागच्या काळोखामुळे. कारागिराने पानाच्या मागून दगड पोखरलेला असतो. पाळ्यांच्या बेचक्यात गिरमिटाने पाडलेली गोल भोकं अनेकदा स्पष्ट दिसतात. तीच भोकं आधी ४बी पेन्सिलीने काळी करा. चार-सहा काळे ठिपके पडले की पान आपोआप पुढे येतं. उलट प्रत्येक पानाला सारखी ठळक बाह्यरेषा दिली तर सगळं सपाट होतं.

पानांची जात काळानुसार बदलते आणि ती न ओळखता काढलेलं पान खोटं दिसतं. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तेराव्याच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये टोकाला गुंडाळलेल्या कळ्यांची शीर्षं आहेत. वेल्सच्या कॅथेड्रलमधलं पान ताठ देठाचं आणि तीन फुगीर पाळ्यांचं आहे. असं झाड निसर्गात नाही, ते दगडातच जन्मलेलं आहे. त्यात शिरा घालू नका. रीम्सच्या शीर्षांवर द्राक्षवेल ओळखू येते. तेराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या साउथवेलच्या चर्चच्या सभागृहात तर ओक, मेपल, हॉथॉर्न, हॉप, आयव्ही, द्राक्ष अशी खरी झाडं वेगवेगळी ओळखता येतात. तिथे पाळ्यांची संख्या, काठाचे दाते आणि फळाचा आकार अचूक हवा. जवळच्या बागेतून त्याच झाडाचं खरं पान आणून आधी ते काढलं तर दगडी पान दुप्पट वेगाने समजतं. चौदाव्या शतकात पानं फुगीर आणि सुरकुतलेली होतात, पंधराव्यात कोबी किंवा काटेरी झाडाच्या पानांसारखी कुरळी.

क्रॉकेट आणि पिनॅकल यांची मापं कशी धरायची?

पिनॅकल म्हणजे माथ्यावरचा निमुळता दगडी कळस. त्यासाठी चौरस फिरवायचा. रेगेन्सबुर्गचा शिल्पी माथेस रोरिट्सर याने १४८६ मध्ये ही रीत छापून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. एक चौरस काढा. त्याच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडा. आत ४५ अंशांत फिरलेला चौरस मिळतो. त्याच्याही बाजूंचे मध्यबिंदू जोडा. पहिल्या चौरसाची बाजू १० सेंमी असेल तर दुसऱ्याची ७.०७ आणि तिसऱ्याची ५. मधला चौरस ४५ अंशांत फिरवून सरळ केला की एकात एक तीन चौरस उरतात आणि त्यांतून खोड, खोबणी आणि वरचा निमुळता भाग यांची मापं ठरतात. वरून दिसणारा आराखडा आधी आणि समोरून दिसणारं चित्र त्यातून उभं करायचं, हा क्रम सोडू नका.

क्रॉकेट म्हणजे उतरत्या कडांवरचे आकड्यासारखे वळलेले गड्डे. कडेची रेघ आखा, तिच्यावर अंतरांच्या खुणा करा, प्रत्येक खुणेवर एक तिरका ठोकळा बसवा आणि त्यात देठ, वळण व टोक कोरा. पहिला क्रॉकेट काळजीपूर्वक काढून बाकीचे त्याच्या नकला करू नयेत. जवळून पाहिलं तर प्रत्येक वेगळा असतो. मात्र सगळ्यांचे माथे कडेला समांतर अशा एकाच रेघेत येतात. ती रेघ फिकी आखून ठेवा.

गार्गॉइल आणि शिमेरा यांत फरक काय? चित्रात त्याने काय बदलतं?

गार्गॉइल ही पाण्याची पन्हाळ आहे, शिमेरा नुसतं शिल्प. पॅरिसच्या नोत्र दामच्या मनोऱ्यांवर हाताच्या ओंजळीत हनुवटी टेकून शहर न्याहाळणारं जे प्रसिद्ध श्वापद आहे, ते मध्ययुगीन नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक या फ्रेंच वास्तुकाराच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारातलं आहे.

गार्गॉइल काढताना पाण्याची वाट आधी काढा: भिंतीमागचं गटार, श्वापदाच्या पाठीवर किंवा पोटातून गेलेली खोबण, उघडं तोंड. शरीर लांब का, तर पाणी भिंतीपासून दूर पडावं म्हणून. पुढे झुकलेल्या या वजनाला तोलायला दगडाचा मागचा भाग भिंतीत खोल गाडलेला असतो. त्यामुळे मागचे पाय भिंतीला रेटल्यासारखे दिसले पाहिजेत. भिंतीवर फक्त चिकटलेलं गार्गॉइल चित्रात पडायच्या बेतात असल्यासारखं दिसतं.

पुतळ्यांच्या वस्त्रांच्या चुण्या कशा हाताळाव्यात?

शार्त्रच्या पश्चिम दारावरच्या, बाराव्या शतकाच्या मध्यातल्या आकृत्या खांबासारख्या आहेत. चुण्या बारीक, उभ्या, जवळजवळ समांतर. तिथे आधी खांबाचा दंडगोल काढा आणि चुण्यांच्या रेघा कडेकडे जाताना दाट करा. रीम्सच्या आकृत्यांत शरीर वळलेलं असतं, वजन एका पायावर, आणि कापड कमरेपासून जड घड्या घेत खाली येतं. तिथे प्रथम ताणाचे बिंदू शोधा: खांदा, कोपर, वस्त्र धरलेला हात, पुढे आलेला गुडघा. घडी एका बिंदूपासून निघते आणि दुसऱ्याकडे जाते किंवा जमिनीवर मोडते. कुठून कुठे जाते हे सांगता येत नसेल तर ती घडी काढू नका.

चेहऱ्याला हसू आणायचा मोह आवरा. रीम्सच्या हसऱ्या देवदूताचं हसू ओठांच्या कोपऱ्यांत जितकं आहे तितकंच डोळ्यांखालच्या फुगवट्यात आहे. ओठ शेवटी काढा.

उंचावरचं शिल्प नेहमी बुटकं का येतं?

तुम्ही ते तिरक्या नजरेने बघता म्हणून. नजर ३० अंश वर असेल तर उभी लांबी ०.८७ पट दिसते, ४५ अंशांना ०.७१ पट आणि ६० अंशांना निम्मी. २० मीटर उंचीवरचं शिल्प ३० अंशांत बघायचं तर साधारण ३५ मीटर मागे जावं लागतं. तेवढी मोकळी जागा असेल तर मागे जाऊन दुर्बीण लावा. नसेल तर दोनांतलं एक ठरवा: दिसतं तसं चित्र काढायचं की मोजमापाचं सरळ चित्र. एकाच चित्रात दोन्ही मिसळले की काम बिघडतं.

आणखी एक हमखास चूक: डोळ्याच्या पातळीच्या वरची गोल कडी वरच्या बाजूला फुगलेली दिसतात. जितकी उंच तितकी जास्त. सगळ्या उंचीवर एकच लंबवर्तुळ काढलं की खांब मोडल्यासारखा वाटतो.

कोणत्या वेळी बसावं?

कमी उठावाचं काम वाचायला भिंतीला घासून जाणारा उजेड हवा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भागावर तो सूर्य दक्षिणेला असताना आणि त्यानंतरचा तास-दीड तास मिळतो. उन्हाळ्यात पॅरिसच्या घड्याळात ही वेळ पावणेदोनच्या सुमारास सुरू होते, बाराला नाही. संध्याकाळी तोच भाग सोनेरी दिसतो, पण उजेड समोरून येतो आणि खाचा बुजतात. रंगासाठी छान, कोरीवकामासाठी नाही. शार्त्रचं बांधकाम बरंच फिरलेलं आहे, तिथला पश्चिम दर्शनी भाग खरं तर नैर्ऋत्येला बघतो. म्हणून तिथे घासता उजेड सकाळी उशिरा येतो. उत्तरेच्या दारांवर बहुतेक वेळ सारखी सावली असते. संथ, लांब कामासाठी ती उत्तम.

ऊन सरकतंच. बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या हद्दी फिक्या रेघेने आखून घ्या आणि पुढे त्या बदलू नका.

दगडावरचा काळा थर सावली म्हणून काढायचा का?

नाही. चुनखडीच्या दगडावर जिथे पाऊस थेट पोचत नाही तिथे धूर आणि धूळ बसून काळी पपडी धरते. जिथे पाणी वाहतं तिथे दगड धुऊन पांढरा राहतो. त्यामुळे काही ठिकाणी सपाट भाग काळा आणि खरी खाच उजळ असा उलटा प्रकार दिसतो. डोळे बारीक करून सावली तपासायची सवय इथे फसवते. दुर्बिणीने बघा: पपडीची कड वेडीवाकडी असते, सावलीची कड तिच्या आकाराला धरून. अभ्यासचित्रात पपडी वगळा.

शाईत छटा कशा द्याव्यात?

गोल गोळा आणि पोकळ खोबण यांतला फरक दाखवता आला की निम्मं काम झालं. उजेड वरून असेल तर आडव्या गोळ्याचा वरचा भाग उजळ, खालचा गडद आणि अगदी खालच्या कडेला परावर्तित उजेडाची बारीक पट्टी. खोबणीत नेमकं उलटं: वर गडद, खाली उजळ. मोल्डिंगवर, म्हणजे अशा गोळ्या-खोबणींच्या लांब पट्टीवर, रेघा तिच्या लांबीच्या दिशेने मारा, आडव्या मारल्या तर ती दोरखंडासारखी दिसते. खोल खाचांना ०.५, कडांना ०.३, पृष्ठभागाला ०.१. उजेडाकडच्या कडा तुटक सोडा.

फोटोवरून काढलं तर चालेल?

पूर्ण करायला चालेल, समजून घ्यायला नाही. फोनच्या नेहमीच्या रुंद लेन्सने उभ्या रेघा वर जाताना एकत्र येतात आणि खाचांचा काळोख एकसंध काळा होतो. म्हणून मागे जाऊन दुप्पट-तिप्पट झूमवर घ्या, फोन उभा आणि भिंतीला समांतर धरा, आणि तोच भाग तीन बाजूंनी टिपा. जागेवर निदान छेद, सांधे आणि देठांची मोजणी वहीत झालेली असावी. या तीन गोष्टी फोटोतून नंतर मिळत नाहीत.

समोरचं काम जुनं की नंतर दुरुस्त केलेलं, हे कसं ओळखावं?

कडा बघा. शेजारच्या दगडांपेक्षा फार धारदार कडा, वेगळा रंग, आणि पानाच्या मधूनच जाणारा सरळ सांधा ही नव्या तुकड्याची लक्षणं. दुरुस्ती म्हणजे दोष नव्हे. रीम्सच्या हसऱ्या देवदूताचं डोकं सप्टेंबर १९१४ मधल्या तोफमारा आणि आगीत तुटलं आणि १९२६ मध्ये पुन्हा बसवलं गेलं. जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलचं काम १२४८ मध्ये सुरू होऊन सोळाव्या शतकात थांबलं आणि १८८० मध्ये पुरं झालं, तेही दर्शनी भागाचं ४ मीटरहून उंच मध्ययुगीन रेखाचित्र सापडलं म्हणून. चित्राखाली जागा, दिशा, तारीख आणि दुरुस्त वाटणारा भाग लिहून ठेवा.

आत बसून काढायला परवानगी लागते का?

वही आणि पेन्सिलीला सहसा कुणी अडवत नाही. घडीची खुर्ची, ईझल, तिवई किंवा पाण्याचे रंग असतील तर आधी कार्यालयात विचारा. प्रार्थना सुरू असताना वही मिटा. दगडाला हात लावू नका, कागद ठेवून घासून ठसा घेऊ नका. झिजलेल्या चुनखडीचे कण त्यानेही निघतात.

युरोपला जाण्याआधी महाराष्ट्रात सराव कुठे करता येईल?

मुंबईत, आणि अगदी मनासारखा. इथल्या इमारती एकोणिसाव्या शतकातल्या, म्हणजे गॉथिकचं पुनरुज्जीवन आहेत, पण कमान, ट्रेसरी, क्रॉकेट, गार्गॉइल यांचं व्याकरण तेच. १८७८ मध्ये काम सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर सर ज. जी. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली पानं, मोर, माकडं आहेत. स्तंभशीर्षांच्या सरावाला ती फार चांगली. राजाबाई टॉवर ओव्हल मैदानातून दुर्बिणीने बघा. त्याच्यावर पश्चिम भारतातल्या समाजांचे पुतळे आहेत, ते मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. उंचावरच्या आकृत्यांचा सराव तिथे होतो. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची उठावशिल्पं लॉकवुड किपलिंग या इंग्रज शिल्पकाराची, आणि तीही खालून नीट दिसतात.

दगडाकडे लक्ष द्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या काळ्या दगडाच्या इमारतीत नक्षी उथळ आणि साधी ठेवावी लागते, कारण काळा दगड टाकीला दाद देत नाही. पोरबंदरच्या मऊ दगडात पानामागून पोखरता येतं. हा फरक चित्रात खाचांच्या खोलीतून दिसायला हवा.

गोव्यातलं से कॅथेड्रल गॉथिक नाही. मात्र ओल्ड गोव्यात त्याच्या शेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचं दार पोर्तुगालच्या उत्तरकालीन गॉथिकचं, मॅन्युएलाइन शैलीचं आहे. १६६१ मध्ये चर्च नव्याने बांधताना जुनं दार तसंच ठेवलं. सपाट दर्शनी भागात ते एकटंच उठून दिसतं. छायेत बसून दोन तासांत पूर्ण होण्याजोगं काम आहे: अर्धा तास सांधे आणि आखणी, तासभर मोल्डिंग, उरलेला वेळ खाचा.